चुना लावणारं यंत्र

कॉलेजच्या गेटबाहेर पानाची टपरी असेलच. तिथून दोन गोष्टी आणा. एक, खायच्या चुन्याची डबी. दोन, साध्या सोड्याची गार बाटली. पेलाभर पाण्यात चिमूटभर चुना कालवा आणि तासभर त्याला हात लावू नका. गाळ खाली बसला की वरचं नितळ पाणी दुसऱ्या काचेच्या पेल्यात अलगद ओता, पाव पेला पुरे. झाली चुन्याची निवळी. (डोळ्यांत उडू देऊ नका आणि चव बघायचा मोह आवरा.) आता तिच्यात चमचाभर सोडा टाका. पाणी दुधाळ होईल.

इथपर्यंत आपल्या सगळ्यांना पाठ आहे. शाळेत स्ट्रॉने फुंकर मारायला लावायचे, निवळी पांढरी व्हायची, ‘उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो’ असं लिहिलं की दोन मार्क पक्के. मग सर तो पेला बेसिनमध्ये ओतून टाकायचे. माझं म्हणणं, ओतू नका. सोडा घालत राहा. पेला भरत येईल तसा पांढरेपणा विरत जातो आणि पाणी पुन्हा नितळ होतं. तयार झालेली चुनखडी कार्बन डायऑक्साइडच्या जोरावर परत पाण्यात विरघळते.

प्रयोगाचा हा दुसरा अर्धा भाग मला चिपळूणच्या शाळेत कुणी दाखवला नाही, बीएस्सीला केमिस्ट्री घेऊनही नाही. तो बघायला मिळाला थेट जर्मनीत, ड्युसेलडॉर्फमधल्या एका माशांच्या दुकानात, टँकखालच्या कपाटात डोकं घालून बसले होते तेव्हा.

झालं असं की, मास्टर्ससाठी इथे आल्यावर खर्चाला हातभार म्हणून मिनीजॉब शोधत होते. मिनीजॉब म्हणजे आठवड्याला थोडे तास करायचं छोटं काम. मैत्रिणी कॅफेत लागल्या, मला मिळालं मत्स्यालयाचं दुकान. काचा पुसायच्या, पाणी बदलायचं, मिठाचं पाणी कालवायचं. दुकानाच्या मध्यभागी आठशे लिटरचा एक रीफ टँक होता. त्यात मासे मोजकेच होते आणि बाकी सगळे प्रवाळ, म्हणजे कोरल. जांभळ्या, हिरव्या, निळसर फांद्यांचं जंगलच म्हणा ना. आणि त्या टँकच्या खाली, कपाटाच्या अंधारात एक जाडजूड पारदर्शक नळकांडं, त्यात पांढरे खडे, शेजारी गॅसचा सिलिंडर आणि एका काचेच्या नळीतून टुक, टुक, टुक वर जाणारे बुडबुडे. मालक त्याला ‘काल्करिआक्टोर’ म्हणायचे. काल्क म्हणजे चुना, चुनखडी. इंग्रजीत त्यालाच कॅल्शियम रिअ‍ॅक्टर म्हणतात. आईला फोनवर सांगितलं, की मला इथे चुना लावायचं काम मिळालंय. तिला ते आवडलं नाही.

आता मुळात ही भानगड लागते कशाला? प्रवाळ हा प्राणी आहे, झाड नाही आणि दगड तर नाहीच. डोळ्यांना दिसते ती रंगीत साल, तिच्यात हजारो छोटे जीव. त्यांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं उजेडावर अन्न बनवतात आणि त्या जोरावर हे जीव आपल्या बुडाखाली चुनखडीचा सांगाडा रचत जातात. (आजीच्या अंगठीतलं लाल पोवळं वेगळं. ते भूमध्य समुद्रातल्या दुसऱ्याच एका प्रवाळाचं, त्याचा रीफशी संबंध नाही.) सांगाड्याचा माल येतो पाण्यातून. कॅल्शियम हवं आणि कार्बोनेट हवं. समुद्राला त्याची फिकीर नसते, कारण समुद्र केवढा! आठशे लिटरच्या पेटीत मात्र पन्नाससाठ प्रवाळ रोज पाण्यातून वीट-सिमेंट उचलत असतात आणि परत कुणीच भरत नाही. किराणा संपणारच.

समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. दुसरा आकडा अल्कलिनिटीचा, म्हणजे ढोबळमानाने पाण्यातल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा. तो मोजतात डीकेएचमध्ये (हे एककही जर्मनांचंच). समुद्रात तो सातच्या आसपास असतो, टँकवाले सात ते नऊच्या मध्ये कुठेतरी ठेवतात. तर सगळ्या नवख्या लोकांचा गोंधळ इथे होतो, माझाही झाला. नाव ‘कॅल्शियम’ रिअ‍ॅक्टर, म्हणून आपण कॅल्शियम मोजत बसतो. पण हिशोब बघा. प्रवाळांनी लिटरमागे २० मिलिग्रॅम कॅल्शियम वापरलं की त्याच्यासोबत अल्कलिनिटी २.८ डीकेएचने खाली येते. ४२०तले २० गेले तर टेस्ट किटला धड कळतसुद्धा नाही. ८मधले २.८ गेले तर एक तृतीयांश साठा गेला! म्हणून रोज बघायची ती अल्कलिनिटी. कॅल्शियम महिन्यातून एकदोनदा बघितलं तरी चालतं.

भरपाई करायचे मार्ग तीन. पहिला, आपली चुन्याची निवळीच. खरंच, टँकमधून बाफ होऊन उडालेल्या पाण्याच्या जागी निवळी थेंबथेंब सोडायची. पेटर विल्केन्स यांनी ही पद्धत शौकिनांमध्ये रुजवली, अजूनही लोक वापरतात. अडचण एवढीच, की पाणी जेवढं उडेल तेवढीच निवळी घालता येते आणि पाण्यात चुना विरघळतोही मर्यादितच. भुकेल्या टँकला ती पुरत नाही. दुसरा मार्ग, दोन बाटल्या. एकीत कॅल्शियम क्लोराइड, दुसरीत सोडा, रोज मोजून दोन्ही घालायचं. छोट्या टँकला हेच उत्तम. आणि तिसरा मार्ग म्हणजे हा रिअ‍ॅक्टर. ज्या शहरात मी शिकते तिथल्याच अ‍ॅक्वाझूमधले रोल्फ हेबिंगहाउस यांनी १९९०च्या दशकात हे तंत्र पुढे आणलं. हे कळल्यावर मला उगीचच आपल्या गावचं कुणीतरी असल्यासारखं वाटलं.

पेटीच्या आत काय चालतं?

नळकांड्यात भरलेले पांढरे खडे म्हणजे मेलेल्या प्रवाळांचे तुकडे. त्यांना मीडिया म्हणतात. टँकमधलं थोडं पाणी पंपाने आत येतं, आतल्या आत गोल फिरत राहतं. त्यात सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सोडायचे. पाणी आंबट होतं, पीएच ८ वरून साडेसहाच्या आसपास उतरतो आणि खडे विरघळायला लागतात. टपरीवरच्या सोड्याने केलं तेच. मग कॅल्शियम आणि बायकार्बोनेटने भरलेलं हे पाणी एका बारीक नळीतून थेंबथेंब टँकमध्ये परत जातं. प्रवाळांना ज्या प्रमाणात माल हवा त्याच प्रमाणात मिळतो, कारण तो आलाय प्रवाळाच्याच सांगाड्यातून. दोन बाटल्यांच्या पद्धतीत हे प्रमाण आपल्याला सांभाळावं लागतं, इथे ते आयतं जमून येतं. जुनी घरं पाडून त्याच विटांनी नवी बांधायची, असा कारभार.

ऐकायला भारी वाटतं, पण हीच रासायनिक क्रिया बाहेर खऱ्या समुद्रात प्रवाळांच्या मुळावर आलीय. आपण हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा मोठा हिस्सा समुद्र शोषून घेतो. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या वरच्या थराचा पीएच सुमारे ८.२ वरून ८.१ वर आलाय. आकडा किरकोळ वाटतो. पण पीएचचं मोजमाप लॉगमध्ये असतं, तेव्हा ०.१ म्हणजे आम्लता पाव पटीहून जास्त वाढली. रिअ‍ॅक्टरमध्ये मी हे मुद्दाम करते आणि नळकांड्याचं झाकण घट्ट लावून करते.

आता चालवायचं कसं ते सांगते. यात तीन नळ तुमच्या हातात. किती बुडबुडे सोडायचे, किती पाणी आत-बाहेर जाऊ द्यायचं आणि आतला पीएच किती ठेवायचा. मोठ्या रिअ‍ॅक्टरवर पीएचचा प्रोब आणि कंट्रोलर असतो. समजा, तुम्ही ६.६ ठरवलात. पीएच त्याच्या खाली गेला की कंट्रोलर गॅसची झडप बंद करतो, वर आला की उघडतो. किती खाली जायचं हे खड्यांवर ठरतं. बहुतेक मीडिया ६.५ ते ६.७मध्ये मस्त विरघळतो. त्याहून फार खाली गेलात, ६.२-६.३ला, की खडे खडे राहत नाहीत. त्यांची खीर होते. ती खीर आतला पंप तुंबवते आणि मग रविवारी सकाळी हातमोजे घालून ती चमच्याने काढायला लागते. अनुभवाचे बोल आहेत.

पाणी किती सोडायचं, याला मात्र साधं गणित आहे आणि कुणीही ते आधी करत नाही. समजा टँक ४०० लिटरचा आहे. रिअ‍ॅक्टर बंद ठेवून दोन दिवस अल्कलिनिटी मोजली आणि दिसलं, की रोज दीड डीकेएच कमी होतेय. म्हणजे रोजची भूक झाली ४०० गुणिले १.५, ६००. आता रिअ‍ॅक्टरमधून बाहेर पडणारं पाणी तपासा. समजा, ते ३० डीकेएच आहे. टँकचं स्वतःचं ८, म्हणजे लिटरमागे निव्वळ फायदा २२चा. ६०० भागिले २२, रोज साधारण २७ लिटर. मिनिटाला १९ मिलिलिटर. मोजायचा कप आणि मोबाइलचा स्टॉपवॉच घ्या, नळी कपात धरा, मिनिटभर थांबा. एवढंच! हा आकडा अंदाजे बरोबर आला की बाकीचं काम बारीकसारीक फेरफारांचं उरतं. फेरफाराचा नियम मालकांनी पहिल्याच दिवशी सांगितला होता. एका वेळी एकच नळ फिरवायचा, तोही थोडासा, आणि मग दोनतीन दिवस हात खिशात.

मी मान डोलावली होती. पुढे जे केलं ते असं.

त्या शनिवारी

मला तिथे लागून चार महिने झाले होते. मालक पाठीच्या दुखण्याने कमी येत होते, टँक बऱ्यापैकी माझ्याच हातात होता. अल्कलिनिटी हळूहळू घसरायला लागली. ८.१, मग ७.८, मग ७.५. कंट्रोलरवर तर ६.६ नीट दिसत होतं. मला वाटलं, प्रवाळ वाढलेत, भूक वाढलीये. मी पाण्याचा वेग वाढवला. आठवड्याने बघितलं तर घसरण चालूच. मग मी पीएच ६.६ वरून ६.४ वर आणला. तरी ७.२. परत वेग वाढवला, पीएच ६.२ केला. खडे काही विरघळताना दिसेनात, खीरही झाली नाही. इथेच शंका यायला हवी होती. ६.२ला खीर होते हे मला पक्कं माहीत होतं.

खरी गोष्ट अशी होती, की प्रोब खोटं बोलत होता. पीएचचा प्रोब कालांतराने भरकटतो, म्हणून तो महिन्या-दीड महिन्याने पीएच ७ आणि पीएच ४ च्या द्रावणात बुडवून जुळवून घ्यायचा असतो. मी ते टाळत होते. परीक्षा होती, कंटाळा होता, काहीही म्हणा. प्रोब दाखवायचा ६.२, आत प्रत्यक्षात असायचा ६.६-६.७. आणि तुम्हाला वाटेल, की मग चूक म्हणजे प्रोब न जुळवणं. नाही. चूक त्याच्या पुढची.

शनिवारी संध्याकाळी दुकान बंद करताना मला अपराधी वाटलं आणि मी शहाण्या मुलीसारखा तो प्रोब अगदी नीट जुळवला. काम झालं, हात धुतले, घरी गेले. कंट्रोलरवरचा ६.२ तसाच राहिला. वाढवलेला वेगही तसाच. पण आता ६.२ म्हणजे खरोखरच ६.२ होता! इतके दिवस खोट्या आकड्याला पुरं पडायला मी जे जे वाढवून ठेवलं होतं ते सगळं प्रोब खरं बोलायला लागताच एकदम टँकवर कोसळलं. आणि जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात. सगळी.

सोमवारी सकाळी दार उघडलं. वासावरूनच कळलं काहीतरी बिनसलंय. अल्कलिनिटी १०.४. दीड-पावणेदोन दिवसांत तीनहून जास्त चढली होती. एका दिवसात एक डीकेएचहून जास्त चढू द्यायची नाही, असा सगळीकडचा शिरस्ता आहे. नाजूक फांद्यांच्या अक्रोपोरांची टोकं जळाल्यासारखी पांढरी पडलेली. त्यातला एक सर्वांत मोठा, निळ्या टोकांचा, तो मालकांनी नऊ वर्षांपूर्वी बोटाएवढ्या तुकड्यापासून वाढवला होता. त्याची साल बुडापासून सुटत होती. खालचा पांढरा सांगाडा उघडा, वर पाण्यात तरंगणाऱ्या चिंध्या. दुपारपर्यंत तो निम्म्याच्या वर गेला.

मालक आले. त्यांनी आधी कंट्रोलर बघितला, मग वेग, मग माझ्याकडे. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, ‘‘आधी काय बदललंस? मग काय?’’ मला सांगताच येईना. कुठल्या तारखेला वेग वाढवला, कधी पीएच उतरवला, काहीच लिहिलेलं नव्हतं. सगळं डोक्यात होतं आणि डोक्यात त्या वेळी नुसता आवाज. त्यांनी गॅस बंद केला. अल्कलिनिटी घाईने खाली आणायला काहीही घातलं नाही. प्रवाळ वापरतील तशी ती आपोआप उतरू दिली. मग हाडं कापायची कातर घेऊन त्या निळ्या झाडाच्या अजून जिवंत असलेल्या फांद्या छाटल्या, सहा निघाल्या, आणि एकेक छोट्या सिरॅमिकच्या चकतीवर गोंदाने चिकटवली. सहावी माझ्या हातात दिली. ‘‘ही तुझी,’’ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कपाटाच्या दाराला आतून दोरीने बांधलेली एक वही होती. पेनसकट.

त्या वहीनंतर

आता माझं वेळापत्रक असं आहे. दुकान उघडं असलेल्या प्रत्येक दिवशी अल्कलिनिटी, शक्यतो एकाच वेळेला, कारण उजेडात प्रवाळ जास्त बांधतात आणि सकाळ-संध्याकाळच्या आकड्यांत फरक पडतो. वहीत तारीख, आकडा, आणि हात कुठे लावला ते. मी नसले तर मालक लिहितात. शनिवारी मिनिटभर कपात पाणी मोजते. बाहेर पडणारी नळी बारीक असते, तिच्यात चुनखडीच जमून ती तुंबते. पाणी कमी झालं, की गॅस तेवढाच राहून आतला पीएच खाली जातो आणि परत तीच खीर. पाणी ढकलणारा पेरिस्टाल्टिक पंप असेल तर त्यातली रबरी नळी दाबून दाबून मऊ पडते, ती ठरावीक काळाने बदलायची. खडे एक तृतीयांश खाली बसले की नवे भरायचे. पण आधी धुऊन. नाहीतर त्यांची पांढरी धूळ टँकमध्ये जाऊन दिवाळीआधीच्या रंगकामासारखं दृश्य दिसतं. थोडे डोलोमाइटचे खडे मिसळायचे, म्हणजे मॅग्नेशियमही भरून निघतं. आणि प्रोब जुळवला की त्याच मिनिटाला कंट्रोलरवरचा आकडा तपासायचा. हे वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलंय. मालकांना वाचता येत नाही, पण काय असणार ते त्यांना कळलंय.

सिलिंडरबद्दल थोडं जास्त बोलते, कारण त्यात माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. तो उभाच ठेवायचा आणि साखळीने भिंतीला बांधायचा. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचतो. बंद, लहान खोलीत मोठा सिलिंडर हा प्रकार नकोच. दुसरं, सिलिंडर संपत येतो तेव्हा कमी गॅस येईल असं वाटतं ना? स्वस्तातल्या एकटप्पी रेग्युलेटरमध्ये उलटं होऊ शकतं. आतला दाब पडला की बाहेरचा दाब वाढतो आणि उरलासुरला गॅस भसकन टँकमध्ये जातो. म्हणून दोन टप्प्यांचा रेग्युलेटर घ्यायचा आणि काटा खाली यायला लागला की वेळेत सिलिंडर बदलायचा. गॅसच्या नळीत उलट न येऊ देणारा छोटा व्हॉल्व्ह हवाच. नाहीतर खारं पाणी रेग्युलेटरपर्यंत चढतं आणि पाचसहा हजारांचं पितळ गंजून बसतं.

अजून एक त्रास आहे, जो दुकानदार मशीन विकताना सांगत नाहीत. बाहेर पडणारं पाणी आंबट असतं, त्यामुळे टँकचा पीएचही थोडा खाली ओढला जातो, रात्री जास्तच. त्यावर उपाय म्हणजे ते पाणी टँकमध्ये पडण्याआधी खड्यांच्या दुसऱ्या नळकांड्यातून न्यायचं, म्हणजे उरलेला गॅस तिथे खर्ची पडतो. किंवा खिडकी उघडायची. खरंच! थंडीत इथे खिडक्या बंद, आत माणसं श्वास सोडतायत, खोलीतला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि तो पाण्यात उतरतो. जानेवारीत मी मालकांशी खिडकीवरून भांडते. त्यांना हीटिंगच्या बिलाची चिंता, मला पीएचची.

आता तुम्ही विचाराल, हे आपल्याकडे करता येईल का? होस्टेलच्या खोलीत? स्पष्टच सांगते, नाही, आणि कारण फक्त पैशांचं नाही. भारतातले रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. किनाऱ्यावरून उचललेला मेलेला तुकडासुद्धा त्यात आला आणि शिक्षा किमान तीन वर्षांच्या कैदेची आहे. परदेशातून आलेल्या प्रवाळांवर साइट्स करार लागू होतो आणि २०२२च्या कायदादुरुस्तीनंतर असे जिवंत प्राणी बाळगायचे तर नोंदणी लागते. त्यामुळे कुणी ‘भाऊ, आपल्याकडे ओरिजिनल कोरल आहे, कागद वगैरे काही नाही’ म्हणालं तर तिथून निघा. इथे जर्मनीतही आमच्या दुकानात प्रत्येक तुकड्याचा कागद असतो. बहुतेक तुकडे टँकमध्येच वाढवून छाटलेले, माझ्या त्या सहाव्या फांदीसारखे.

प्रवाळ बघायचेच असतील तर त्यांच्याकडे जा. मालवणला १९८७पासून सागरी अभयारण्य आहे. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर आत समुद्राखाली आंग्रिया बँक आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं बुडालेलं पठार, त्यावर प्रवाळ. तिथे जाणं तुमच्या-माझ्या आवाक्यातलं नाही. पण मुंबईत राहत असाल तर लोकलच्या तिकिटात काम होतं. कोस्टल रोडच्या वेळी, २०२०मध्ये, वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवरून प्रवाळांच्या वसाहती उचलून दुसरीकडे नेऊन लावल्या, तेव्हा कित्येक मुंबईकरांना पहिल्यांदा कळलं, की आपल्याकडे प्रवाळ आहेत. मोठ्या ओहोटीला ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ची मंडळी लोकांना किनारा दाखवायला नेतात. बूट घाला, वाकून बघा, हात लावू नका. तिथे कुणी अल्कलिनिटी मोजत नाही.

आणि मत्स्यालयाचीच हौस असेल, तर आधी गोड्या पाण्याचा टँक वर्षभर नीट सांभाळा. दर आठवड्याला पाणी बदलायचा कंटाळा न आलेला माणूस मला अजून भेटायचाय. कंटाळा येऊनही बदलणारे भेटलेत, तेवढं चालतं.

माझी फांदी अजून त्याच टँकमध्ये आहे, उजव्या कोपऱ्यात वरून दुसऱ्या कप्प्यावर. सुरुवातीचे दोन महिने तिने काहीच केलं नाही, नुसती उभी. गेल्या आठवड्यात बघितलं तर बुडाशी गोंदावरून पुढे, चकतीवर, नखाच्या जाडीची एक फिकट कड पसरलीये. प्रवाळ असाच आधी आडवा पसरून पाय रोवतो, वर नंतर चढतो. मालकांना दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, बघितली आणि विचारलं, ‘‘आज किती?’’

७.९. वहीत लिहिलंय.